पत्र कोणाच्या हाती?

तंजावर जिल्ह्यात, कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये, कुंभकोणम् हे जुने नगर वसले आहे. देवळे, पितळी दिवे आणि कॉफी यांबद्दल त्याची ख्याती. प्रिय वाचकहो, आपणां मराठी लोकांस हे नगर अगदीच परके म्हणता येणार नाही. व्यंकोजीराजे व त्यांचे वंशज यांनी सव्वाशे वर्षे ज्या मुलखावर राज्य केले त्यातलेच ते एक. काही वर्षांपूर्वी तमिळ भाषांतरकारांच्या एका बैठकीनिमित्त माझे तंजावरला जाणे झाले. मध्ये एक दिवस मोकळा मिळाला, तो मी कुंभकोणम् येथे घालवला.

सारंगपाणी मंदिराच्या समोरच्या रस्त्यावर एक लहानसे घर आहे. गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण याच घरात गेले. वडील कापडाच्या दुकानात कारकून, आई देवळात भजने म्हणणारी. २००३ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते हे घर स्मारक म्हणून लोकांस खुले झाले. मी पाहुणा म्हणून आत गेलो आणि बाहेर आलो तो एक प्रश्न बरोबर घेऊन. त्या प्रश्नाचा आणि गणिताचा तसा काही संबंध नाही. मला गणित येतही नाही. प्रश्न असा की, दूर बसलेल्या माणसास शिकवण्याची व्यवस्था जो उभारतो किंवा बदलतो, त्याच्यावर त्या दूरच्या माणसाचे कोणते ऋण असते? आज शाळा, महाविद्यालये, एवढेच नव्हे तर आपल्या मंडळ्यांचे शास्त्राचे वर्गसुद्धा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गेले आहेत. ज्यास हल्ली आभासी शिक्षण म्हणतात ते आता आपल्या घरात येऊन बसले आहे. म्हणून हा प्रश्न केवळ विद्वानांचा राहिलेला नाही.

रामानुजन यांना पंधरासोळाव्या वर्षी, १९०३ च्या सुमारास, जी. एस. कार या इंग्रज लेखकाचे गणिताचे एक जाड पुस्तक मिळाले. त्यात सुमारे पाच हजार सूत्रे व सिद्धान्त एकामागून एक दिलेले आहेत. सिद्धता मात्र त्रोटक, कित्येक ठिकाणी मुळीच नाही. कार हे लंडनमध्ये खासगी शिकवणी घेत असत आणि त्या शिकवणीतूनच हे पुस्तक निघाले होते. शिकवणीत जे रिकामे राही ते मास्तर तोंडाने भरून काढीत असतील. कुंभकोणम् येथे पुस्तक आले, मास्तर आले नाहीत. मग त्या मुलाने रिकाम्या जागा स्वतःच भरल्या. कागद महाग, म्हणून तो पाटीवर गणित मांडी, कोपराने पुसून टाकी आणि निष्कर्ष तेवढा वहीत उतरवी. वाट पुसली जाई, मुक्काम तेवढा शिल्लक राही. पुढे थोर गणितींना त्याच्या वह्यांतील वाट शोधण्यास आयुष्ये घालवावी लागली.

दूरस्थ शिक्षणाचे याहून मोठे यश कोणी दाखवावे? एका पुस्तकाने, गुरूवाचून, जगातला एक श्रेष्ठ गणिती घडवला. पण त्याच नगरातल्या, जवळच्या, समोरासमोरच्या शिक्षणाने त्याचे काय केले तेही पाहा. १९०४ साली कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयाने त्याला शिष्यवृत्ती दिली. गणितापुढे त्याला दुसरे काही सुचेना, इंग्रजीत तो मागे पडला आणि शिष्यवृत्ती गेली. कोणी दुष्टपणा केला नाही. नियम तसाच होता. तेव्हा जवळ असणे म्हणजे पाहणे नव्हे, ही गोष्ट प्रथमच मान्य करून ठेवतो, म्हणजे पुढे मी जे लिहिणार आहे ते जुन्याच्या मोहाने लिहिले असे वाचकांस वाटणार नाही.

१६ जानेवारी १९१३ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टमधील या कारकुनाने केंब्रिजच्या प्रा. हार्डी यांना पत्र लिहिले. हार्डींनी ते टोपलीत टाकले नाही. त्यांनी उत्तर दिले आणि सिद्धता मागितल्या. रामानुजन यांनी त्या नीटशा दिल्या नाहीत. आपली रीत उलगडून सांगितली तर ती पटणार नाही अशी त्यांना धास्ती होती. पत्रे जात होती, येत होती, दोन्ही बाजूंस सद्भाव होता, तरी मध्ये काहीतरी अडत होते. १९१४ च्या आरंभी हार्डींचे सहकारी ई. एच. नेव्हिल व्याख्याने देण्यासाठी मद्रासला आले. ते रामानुजन यांना भेटले, एकदा नव्हे, अनेकदा. आणि थोड्याच भेटींनंतर रामानुजन यांनी आपली वही त्यांना घेऊन जाण्यास दिली. इंग्रजी पुरेसे येत नाही, तिकडे पुन्हा परीक्षा द्याव्या लागतील काय, शाकाहारी जेवणाचे काय होईल, अशा साध्या शंका होत्या. त्या कोण कोणास पत्राने विचारणार? नेव्हिल यांनी मद्रास विद्यापीठाकडे शब्द टाकला, वर्षास २५० पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर झाली आणि १७ मार्च १९१४ रोजी रामानुजन जहाजावर चढले. हार्डींचे नाव सर्वांस ठाऊक आहे. नेव्हिल यांचे थोड्यांस. पत्र हार्डींचे होते, पण ते ज्याच्या हाती खऱ्या अर्थाने पोचले तो मनुष्य नेव्हिल.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगणे प्राप्त आहे, कारण तीवाचून हा लेख परोपदेश ठरेल.

आमच्याकडे सामान्य प्रचारक व रविवार शाळेचे शिक्षक यांच्यासाठी एक लहानसा शास्त्र-अभ्यासक्रम चालतो. त्याच्या समितीवर मी आहे. पूर्वी छापील पाठ टपालाने जात आणि महिन्यातून एकदा एक फिरता शिक्षक एसटीने तालुक्याच्या गावी जाऊन विद्यार्थ्यांबरोबर एक दिवस बसे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. सर्वांप्रमाणे आम्हीही वर्ग पडद्यावर नेले. यात दोष नाही; तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. दोष पुढचा आहे. रस्ते मोकळे झाल्यावर समितीपुढे विषय आला की, फिरते शिक्षक पुन्हा सुरू करावयाचे काय. खजिनदारांनी प्रवासखर्चाची वाचलेली रक्कम दाखवली. नोंदणी वाढली होती. मुंबईची, नागपूरची, परदेशी गेलेली माणसेही वर्गाला बसू लागली होती. फिरते शिक्षक बंदच ठेवावेत असे ठरले. हात वर करणाऱ्यांत मी होतो. अहवाल लिहिण्याचे काम माझ्याकडेच आले आणि मी त्यात प्रगती हा शब्द तीनदा वापरला.

आमच्या विद्यार्थ्यांत मराठवाड्यातला एक तरुण प्रचारक होता. जुन्या वर्गात सर्वांत जास्त प्रश्न तोच विचारी, कधी कधी शिक्षकास घाम फोडी. पडद्यावर त्याचे नाव काळ्या चौकटीत दर आठवड्यास दिसे, आवाज मात्र नसे. मला वाटले, पोरगा आता प्रौढ झाला, ऐकून घेण्यास शिकला. वर्षाने एका मेळाव्यात भेटला तेव्हा मी सहज चौकशी केली. तो ऊसतोडीस जात होता. भ्रमणध्वनी मेहुण्याचा. वर्गाच्या वेळी तो फडाच्या बांधावर जाऊन नाव जोडी आणि यंत्र खिशात ठेवून पुन्हा कोयता हाती घेई. म्हणाला, "सर, हजेरी लागली म्हणजे प्रमाणपत्र चुकत नाही." तो हे लाजत सांगत नव्हता. आम्ही त्याला जी व्यवस्था दिली होती तिचा अर्थ त्याने बरोबर लावला होता.

मी म्हणालो, "मग कळवायचे नाही का?" तो नुसता हसला. घरी परतताना त्या हसण्याचा उलगडा झाला. कळवण्याचा मार्ग कोणता होता? तोच पडदा, तोच मेहुण्याचा भ्रमणध्वनी. जे साधन माणसापर्यंत पोचत नाही, त्याच्याविषयीचे गाऱ्हाणे त्याच साधनाने येईल अशी आम्ही अपेक्षा करीत होतो. आणि गाऱ्हाणे आले नाही म्हणून समाधान मानीत होतो. संस्थेत बदल घडवून आणणारे पुष्कळदा सांगतात की आम्ही सर्वांची मते मागवली. ज्यांची मते आली त्यांचीच ती होती, एवढे ते विसरतात.

भाषांतरकारास अशा वेळी आपल्या रोजच्या कामातला एखादा शब्द टोचू लागतो. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल कृपादानांची यादी देतो. तीत पुढारीपण करणाऱ्याविषयी जो ग्रीक शब्द आहे तो 'प्रोइस्तामेनोस'. शब्दशः, पुढे उभा राहणारा. परंतु ग्रीकमध्ये या शब्दाला सांभाळ करणारा, कैवार घेणारा असाही अर्थ आहे, आणि यादीत तो दान देणारा व दया करणारा या दोघांच्या मध्ये बसवलेला आहे. म्हणून कित्येक अभ्यासक तेथे साहाय्य करणारा असाच अर्थ घेतात. मराठीत एकच शब्द निवडावा लागतो आणि दुसरा अर्थ गळतो. कित्येक वर्षे मी हा केवळ भाषांतराचा पेच समजत होतो. समितीच्या मेजाशी बसून पुढे उभे राहणे सोपे असते, हे मला त्या मेळाव्यानंतर कळले.

पौल स्वतः दूरस्थ शिक्षक होता, हे आपण विसरतो. करिंथ, गलतिया, फिलिप्पै येथील मंडळ्यांस तो पत्रांनी शिकवी. त्याला या साधनाची मर्यादाही पुरती ठाऊक होती. गलतीकरांवर रागावून लिहिताना मध्येच तो म्हणतो की, आत्ता तुमच्याजवळ असतो तर बरे झाले असते, स्वर बदलता आला असता. लिहिलेल्या शब्दास स्वर बदलता येत नाही, ऐकणाऱ्याचा चेहरा पाहून तो मागे घेता येत नाही. उलट करिंथातले टीकाकार म्हणत, याची पत्रे वजनदार, पण माणूस समोर आला तर काहीच नाही. म्हणजे काही माणसांस अंतरच मानवते. हेही खरे आहे, आणि आजच्या बुजऱ्या विद्यार्थ्यांना पडद्याआड जो धीर येतो त्याची मी चेष्टा करणार नाही. योहानही आपल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस कागद आणि शाई बाजूस ठेवतो आणि भेटीची आशा व्यक्त करतो. तेथे मूळ ग्रीक शब्द आहेत 'स्तोमा प्रोस स्तोमा', तोंडाशी तोंड. आपण त्याचे समक्ष केले. थोडे थंड झाले, पण इलाज नव्हता.

तथापि मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. पौलाची पत्रे आपोआप गेली नाहीत. खासगी माणसाला तेव्हा टपाल नव्हतेच. रोमकरांस लिहिलेले पत्र किंख्रिया येथील फिबी हिच्या हाती गेले असे बहुतेक अभ्यासक मानतात. तुखिक, एपफ्रदीत, तीमथ्य हे जात येत असत. तुखिकाविषयी पौल स्पष्ट लिहितो की, माझ्याकडचे सारे वर्तमान तो तोंडी सांगेल. ज्याच्या हाती पत्र असे त्यालाच लोकांनी विचारले असेल की, या वाक्याचा अर्थ काय, पौल हे रागाने म्हणाला की हसून? पत्र आणि पत्र नेणारा मिळून एक शिकवण होती. आपण आज पत्रे जपली आहेत आणि नेणारे विसरलो आहोत. आमच्या समितीनेही नेमके हेच केले. पत्र वेगाने जावे म्हणून नेणाऱ्यास घरी बसवले.

मराठी शास्त्राच्या इतिहासातही याचा एक दाखला आहे. विल्यम केरी यांनी बंगालमधील सेरामपूर येथे बसून, मराठी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने, आपल्या भाषेची सेवा केली. १८०५ साली व्याकरण, १८१० साली कोश, १८११ साली नवा करार. केरी महाराष्ट्रात कधी आले नाहीत. त्यांच्या श्रमांपुढे माझ्यासारख्याने मान लववावी. तरी ज्या लोकांसाठी ते शब्द होते ते लोक शेकडो कोस दूर होते, आणि एखादा शब्द अडला तर अडला असे सांगणारा कोणी सेरामपूरला पोचत नव्हता. १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी पुन्हा नव्याने भाषांतर आरंभले आणि १८२६ मध्ये त्यांचा नवा करार छापून निघाला. ते बाजारात, शाळेत, लोकांत बसून लिहिलेले होते. पहिले भाषांतर अपुरे ठरले ते भाषांतरकाराच्या आळसामुळे नव्हे, तर ऐकून परत सांगणारा नव्हता म्हणून, असे माझे मत आहे.

केरी सेरामपूरला खिळे पाडीत होते त्याच सुमारास तंजावरला सरफोजीराजांनी देवनागरी छापखाना घातला. १८०६ साली तेथे 'बालबोध मुक्तावली' हे इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक छापले गेले. सरफोजींस ही विद्येची गोडी लावणारा माणूस म्हणजे मिशनरी श्वार्ट्झ. त्याने राजपुत्राला सांभाळले, त्याच्या हक्कासाठी कंपनी सरकारशी बोलणी केली. सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. पण श्वार्ट्झ १७९८ मध्ये वारल्यावर त्यांनी शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक घडवून तंजावरच्या चर्चमध्ये बसवले. ते मी पाहिले. मरणाऱ्या गुरूच्या खाटेशी राजा उभा आहे असे ते शिल्प आहे. छापखाना नंतरचा, खाट आधीची.

इथे एखादा वाचक मला थांबवील. म्हणेल, तुम्ही समोरासमोरच्या शाळेचे फार गोडवे गाता. कुंभकोणम् या नावाने तुम्हांस दुसरे काही आठवत नाही काय? आठवते. १६ जुलै २००४ रोजी याच नगरातल्या एका शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातील आग झावळ्यांच्या छपरास लागली आणि ९४ मुले जळून मेली. मुले वर्गात हजर होती, शिक्षक होते, छप्पर होते. एकाच इमारतीत तीन शाळा कोंबल्या होत्या. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे असे म्हटले. तोवर पाच वर्षे उलटली होती. तेव्हा भिंत आणि पडदा यांत मी निवड करीत नाही. भिंतीआडची व्यवस्थाही डोकी मोजून थांबली की मुलांस पाहीनाशी होते. मोजण्याची सवय दोन्हींकडे सारखीच. पडद्याने ती फक्त सोपी करून दिली.

मग बदल करणाऱ्याने करावे काय? याची काही उत्तरे आपल्याच देशात दिली गेली आहेत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झाले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले यांच्यापुढे हाच पेच होता. पुस्तके घरी पाठवून विद्यापीठ झाले असते. त्यांनी गावोगावी असलेल्या शाळा-महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे काढली आणि तेथे समंत्रक नेमले, म्हणजे ज्याला जाऊन विचारता येईल असा माणूस. विद्यापीठाचे बोधवाक्य 'ज्ञानगंगा घरोघरी'. पुढे ते इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. प्रत्येक केंद्रावर हे सारखे साधले असे कोणी म्हणणार नाही, पण आराखड्यात माणसाची जागा होती. आपल्या पाळकांना परिचित असलेले विस्तारित ईश्वरविज्ञान शिक्षण १९६३ मध्ये ग्वाटेमालात आरंभले आणि १९७१ पासून बंगळूरच्या टॅफटी या संस्थेमार्फत भारतात आले. त्यातही पाठ घरी वाचावयाचा, पण ठरल्या दिवशी गटात बसून त्यावर बोलावयाचे. गट वगळला तर उरते ते टपाल.

तमिळनाडूचा दाखला मला विशेष वाटतो. टाळेबंदीत तेथील सरकारने आपल्या कल्वी दूरचित्रवाणी वाहिनीवरून पाठ दाखवले. तरी कित्येक मुले मागे पडली हे सरकारने लपवले नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये 'इल्लम् तेडी कल्वी' ही योजना निघाली. तमिळ मित्राने अर्थ सांगितला तो असा: घराचा शोध घेत येणारे शिक्षण. सुमारे दोन लाख स्वयंसेवक, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, संध्याकाळी एक-दीड तास वस्तीतल्या आठवीपर्यंतच्या मुलांस जमवून बसू लागल्या. मानधन महिन्यास १,००० रुपये. ही रक्कम थोडी आहे, आणि थोड्या मानधनावर बायकांचे कष्ट घेण्याची आपली रीत जुनी आहे, हे बोलल्यावाचून मला राहवत नाही. फिबीलाही कोणी काय दिले असेल कोण जाणे. पण राज्याने आपल्या हिशेबात पत्र नेणाऱ्यासाठी एक रकाना उघडला, ही गोष्ट खरी.

गेल्या वर्षी मी आमच्या समितीत माझाच जुना ठराव फिरवावा अशी सूचना मांडली. ती पूर्ण मान्य झाली नाही. पडद्यावरचे वर्ग चालूच राहतील, आणि राहावेत; परदेशी बसलेल्या भगिनीला किंवा अंथरुणास खिळलेल्या बांधवाला दुसरे दार नाही. फिरता शिक्षक दोन तालुक्यांपुरता, एका वर्षासाठी मंजूर झाला. खजिनदारांनी खर्चाची अट घातली. प्रवासभत्त्याबरोबर मानधनही द्यावे यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी ते मिळाले. पहिल्या फेरीला शिक्षक मिळाला नाही, म्हणून मीच गेलो.

तो तरुण गळीत संपवून गावी आला होता. चर्चच्या ओसरीवर आम्ही बसलो. पाच जण होते. त्याने पिशवीतून एक वही काढली. पडद्यावरच्या वर्गाचे पाठ तो रात्री कोणाकडून तरी उतरवून घेत असे आणि समासात प्रश्न लिहून ठेवीत असे. पहिलाच प्रश्न माझ्या भाषांतरातील एका शब्दाविषयी होता: हा शब्द आमच्याकडे कोणी बोलत नाही, तो कशासाठी घातला? मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. मी शब्द टिपून घेतला. दुपारपर्यंत आमचे अकरा प्रश्न झाले. वहीत अजून पुष्कळ होते, पण शेवटची एसटी साडेचारला होती.